सगळ्या खोल्यांत तीन नंबर

कय्युमभाई रागावले की आधी त्यांचे कान लाल होतात, तोंड मागाहून उघडतं. त्या दिवशी औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचे कान असे पेटले, की समोरच्या पानवाल्याचं चुन्याचं बोट हवेतच राहिलं.

आग घेऊन आले होते बद्रीनाथ, पडेगावचे निवृत्त तलाठी. कय्युमभाईंचं एक छापचित्र त्यांच्या बैठकीत टांगलेलं असतं. पाव्हणे विचारतात, "हे काय, शेताचा नकाशा का?" बद्रीनाथ मिशीला हात लावून सांगतात, "असली पंधराच हायेत जगात. माझा नंबर नववा."

"कय्युमभाई," दारातूनच त्यांनी सुरू केलं, "पंधराच छापली म्हणाला व्हता ना? पुतणीच्या लग्नाला काकासाहेबाच्या हॉटेलात उतरलो. माझ्या खोलीत तेच चित्र. भावाच्या खोलीत तेच. नवरीच्या खोलीत तेच. खाली तुमची सही, आन् समद्यांचा नंबर तीन! संडासात बी तेच."

"संडासात?"

"तिथं जरा लहान हाये."

आतून नजमुन्निसाभाभी फिसकन हसल्या. नवऱ्याचा चेहरा दिसला तसं हसू पदराआड गेलं.

आता चार जास्तीच्या चित्रांनी कुणाचं काय बिघडतं, असं गल्लीतही काही शहाण्यांनी विचारलं. त्यांना कय्युमभाईंचा दगड माहीत नाही.

त्यांचे वालिद कमरोद्दीन उर्दू शिळाछाप प्रेसमध्ये संगसाज होते. म्हणजे दगडावर उमटलेल्या मजकुरातल्या चुका दगडावरच दुरुस्त करणारे. कागदावर सुलटं यायचं तर दगडावर उलटं लिहावं लागतं. कमरोद्दीनमियां उलटं इतकं झोकात लिहीत की घरच्या सामानाची यादीही उलटी जायची आणि वाणी आरसा मागायचा. पोलीस ॲक्शननंतर निजामाबरोबर कचेऱ्यांची उर्दू गेली, प्रेस लग्नपत्रिका नि अत्तराच्या लेबलांवर तगला. मग ऑफसेट आलं आणि मालकानं कुलूप घातलं. दगड निघाले धुणं धुवायला. कय्युमभाईंनी ते हातगाडीवर घालून घरी आणले.

"लोगां घर में पलंग लाते," भाभी तेव्हा म्हणाल्या होत्या, "हमारे हजरत फत्तर लाए."

दिवसा दुसऱ्याच्या दुकानात व्हिजिटिंग कार्डं छापायची आणि सुट्टीच्या दिवशी दगडावर दगड घासत बसायचं. मध्ये वाळू, वर पाणी. घर्र घर्र. शेजारणी म्हणतात, भाभींचा मसाला आज भारी दिसतोय. घासून घासून जुना मजकूर जातो. पण हे गृहस्थ अर्ध्यात थांबतात. कुण्या काळच्या लग्नाची तारीख पुसट उरते, अत्तराच्या नावाची शेपटी उरते. त्यावर मेणचट खडूनं गडद पट्टे, रेघा, एखादी मोठी काळी पोकळी. मग दगड ओला करायचा. जिथं मेण तिथं पाणी टिकत नाही, आणि शाई बरोब्बर तिथंच बसते. कागद ठेवायचा, दाब द्यायचा, उचलायचा. ना झाड, ना मोर.

"किल्ला तरी काढा हो," दौलताबादचा एक गाइड म्हणाला होता, "टुरिस्ट घेतील."

"किल्ला हाये ना तिथं. जा, बघा."

बडोद्याला, हैदराबादला चित्रं लागली. इथल्या एका प्रदर्शनात पुष्पगुच्छांच्या मागे लागली. पण कुठंही असो, रीत एकच: पंधरा छाप, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर आणि सही, आणि मग दगड पार कोरा होईस्तोवर घासायचा. दगड घासला म्हणजे जबान दिली. एकदा एक छाप भाभींच्या चहानं भिजला, तेव्हाही दगड शाबूत असून त्यांनी सोळावा काढला नाही. चौदाच दिले. आणि इथं खोलीखोलीत तीन नंबर!

ते तडक काकासाहेबाच्या हॉटेलात गेले. असली तीन नंबर काकासाहेबानंच घेतलेला, त्याच्या केबिनमध्ये होता. त्याचा फोटो काढून त्यानं फ्लेक्सवाल्याकडून ढीगभर काढले, काचेत बसवले.

"चाचा, तुमचंच नाव केलं की मी!" काकासाहेब म्हणाला. "सही बी कापली नाही."

"आन् तो आकडा?"

"तो डिझाइनमधलाच वाटला."

"ज्यांनी घेतली, ते मला लबाड म्हणतेत. उतरवा."

"सीझन जाऊ द्या, मग बघू. चहा घेता?"

चहा न घेता कय्युमभाई घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेणचट खडू खिशात घालून परत गेले. खोल्या झाडणारी सरूबाई गल्लीतलीच. तिनं दारं उघडून दिली. खोलीखोलीतल्या प्रत्येक चित्राच्या काचेवर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, कय्युमभाईंनी दणदणीत अक्षरात लिहिलं: नक्कल. शेवटच्या खोलीत सरूबाईनं भीतभीत ओलं फडकं मारून पाहिलं. पाणी मोत्यांसारखं घरंगळलं, अक्षर जागचं हललं नाही.

"चाचा, चौथी शिकले म्या, पन हे वाचाया येईना."

त्यांनी मागं सरून पाहिलं. रागाच्या भरात हात सवयीवर गेला होता. सगळं उलटं! बापाचाच हात. फडकं मागणार, तेवढ्यात समोरच्या आरशात नजर गेली. तिथं स्वच्छ, सुलटं दिसत होतं: नक्कल.

खडू त्यांनी खिशात घातला.

गंमत पुढंच आहे. काकासाहेबानं त्या दिवशी दोन-तीन खोल्या पाहिल्या आणि त्याला वाटलं, चित्र असंच आहे! एका पाव्हण्यानं दाढी करता करता आरशात वाचलं आणि तोंडाला फेस तसाच ठेवून तो काउंटरवर आला. "खोलीत नक्कल लिहिलंय. कशाची? पाण्याची का जेवणाची?" मग दुसरा आला. संध्याकाळपर्यंत काकासाहेबाचे नोकर साबण लावून थकले. रॉकेलनं निघालं असतं. ते सरूबाईला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. शेवटी चित्रं भिंतीवरून उतरली, संडासातली धरून. केबिनमधला असली तीन नंबर तेवढा राहिला. त्याच्या काचेवर खडू नव्हता, उलट कुणीतरी धूळ पुसली होती.

बद्रीनाथ पेढे घेऊन आले, तरी कय्युमभाईंचे कान लालच.

"आता का वो?"

"इतके दिवस चित्र सरळ टांगलेलं, कुणी बघितलं नाय! उलटं लिवलं तवा बघितलं. हे लोक!"

"म्या बघितलं की," बद्रीनाथ म्हणाले. "नंबर वाचला म्हणून तर भांडाया आलो. संडासात बी बघितलं."

कय्युमभाईंनी पेढ्यांचा पुडा उघडला. मग त्यांनी आत हाक दिली, "अजी, चाय लाओ. नववा नंबर आया है."