हरणामागचा दुसरा कुत्रा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, मस्कतमधल्या दार्सैतच्या खोलीत वर्षानुवर्षं शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मित्रालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं समजा. ओळखीच्या माणसांसमोर मला अजून चांगलंच दिसायचंय.

मी कासाराच्या घरातला, कुडाळकडचा. समया, तांबे, घंगाळी घासत मोठा झालो. भांड्यात आपलं तोंड दिसेपर्यंत ते हातावेगळं करायचं नाही, हा वडिलांचा दंडक. एवढ्या भांडवलावर मी मस्कतला गेलो आणि तिथल्या गाला नावाच्या भागात एका वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे खंजिरांच्या चांदीच्या म्यानांची दुरुस्ती चाले. अधूनमधून कुणा हौशी माणसाची जुनी बंदूकही येई.

दोन हजार तेरा-चौदाचा हिवाळा असेल. युरोपातल्या कुणा बड्या माणसाची शिकारीची बंदूक आली — गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. नळी साधीच. पण घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसवतात ती पट्टी — काय सांगू! तळहाताहून लहान, आणि तिच्यावर अख्खं रान कोरलेलं. झाडं, उडी मारणारं हरीण, त्याच्या मागे दोन कुत्रे. रेघा केसाहून बारीक. बंदुकीच्या त्या घोड्याच्या मानेवरसुद्धा पानं होती. जीव घेणाऱ्या यंत्रावर कुणी एवढी माया का करावी? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला दिसला तो फक्त मळ.

पट्टीचा गंज मी काढायचा आणि मग सालिम चाचांनी रेघा साफ करायच्या, असं ठरलं. चाचा ओमानमधल्याच निझवा गावचे जुने चांदी-कारागीर, सत्तरीचे. वर्कशॉपची सगळी पत त्यांच्या हातावर. तरुणपणी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलत. त्यांनी मला आधीच बजावलं होतं — "मशीन नहीं, हां? काला है तो काला रहने दो."

मी हो म्हटलं. आणि ते नमाजाला गेल्यावर मशीन लावलं.

का? कारण मला वाटलं, यांना काय कळतं! आमच्या घरात चार पिढ्या धातू घासतायत. जरा कोपरा उजळून दाखवू, म्हातारा बघतच राहील. घासायचं चाक जेमतेम मिनिटभर टेकवलं असेल. कोपरा आरशासारखा झाला — आणि मागचा कुत्रा गेला. पुसट नाही, गेलाच. दोनशे वर्षं हरणामागे धावत होता बिचारा, मी मिनिटात त्याला मातीत घातला.

तेवढ्यात बाहेर अर्बाबची, म्हणजे आमच्या मालकाची, गाडी थांबल्याचा आवाज आला. मी काजळी तेलात कालवली, तो कोपरा काळवंडवला आणि सुईच्या टोकानं त्यात कुत्रा ओढला. कोरलेला नव्हे, नुसता काढलेला. नंतर गुपचूप नीट कोरू, असा हिशेब. अर्बाबनं लांबूनच पाहिलं, "ज़ैन, ज़ैन", म्हणजे छान, छान, म्हणाला आणि पट्टी स्वतः उचलून चाचांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोललो.

चाचा आले, त्यांनी बारीक दगडाची कांडी घेतली आणि काम सुरू केलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. थोड्या वेळानं माझा काजळीचा कुत्रा कांडीखाली पुसला गेला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पट्टी उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. मग मला हाक मारली.

"सुबह ये दूसरा कुत्ता था ना?"

बघा, एवढ्याशा घासण्यानं कोरलेली रेघ जात नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांनी विचारलं. त्यांच्या हातानं पन्नास वर्षांत असं केलं नव्हतं, आणि त्या दिवशीही केलं नव्हतं. मी फक्त खरं बोलायचं होतं.

मी म्हणालो, "था, चाचा." शब्द खरा, पण मशीनचं नाव काढलं नाही.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवरचा काढून घेतला आणि माझ्यावर ठेवला.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर अर्बाबला सांगितलं, की चूक आपल्या हातून झाली. बंदुकीचा मालक भला माणूस, एक शब्द बोलला नाही. अर्बाबही नाही. मीही खाली मान घालून उभा, दुःखात सामील! पुढच्या आठवड्यापासून चाचा यायचे बंद झाले. "खलास," एवढंच म्हणाले. व्हिसा जाईल ही भीती होती का मला? नव्हती. अर्बाब ओरडला असता, फार तर दोन दिवस. मला फक्त म्हाताऱ्यासमोर लहान व्हायचं नव्हतं.

त्यानंतरच्या ईदला मस्कतजवळच्या सीबला त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मोठा मुलगा नटून बसला होता, कमरेला चाचांनीच घडवलेला खंजीर. म्यानावरची चांदीची तार एका जागी सुटली होती. चाचांनी खंजीर मागून घेतला. मला वाटलं, आता बसवतील. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"तुम करो. मेरा हाथ अब भरोसे का नहीं."

तो हात त्यांच्या गुडघ्यावर होता. जराही कापत नव्हता. आता तरी सांग, असं मी स्वतःला म्हणालो. म्हणालो खरा.

आणि मग त्यांच्यासमोर मांडी घालून मी तार बसवली. चाचा वाकून, कौतुकानं बघत होते. काम झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मुलाला म्हणाले, याला म्हणतात हात. मी हसलो आणि ती शाबासकी घेतली.