दिवो लागलो

शेजारचा जितेंद्र मालवणात पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि अक्कल फुकट वाटतो. बायको सारिका संध्याकाळी क्रेडिट कार्डाचं बिल भरायची आठवण करायची, तेव्हा दिवेलागणीनंतर घरातला पैसा बाहेर द्यायचा नाही म्हणून हा डाफरायचा, "दिवो लागलो गो! आता लक्ष्मी भायर देवची नाय." सकाळी होडीच्या घाईत बिल विसरायचा आणि आठवडा उलटायचा. पैसे खिशात असून दर महिन्याला उशीर. वर मिजास, "दंडासकट भरतंय मां?"

नव्या होडीसाठी कर्ज मागायला गेला, तर बँकेतली मुलगी म्हणाली, "पैसे बुडवले नाहीत तुम्ही, पण वेळेवरही भरले नाहीत. क्रेडिट स्कोअर फार खाली गेलाय."

सारिका खानावळ चालवते. तिच्या कार्डाचं बिल ती मुदतीआधीच भरते, म्हणून कर्ज तिला मिळालं. होडी तिच्या नावावर झाली आणि जितेंद्र तिच्याच होडीवर पगारी खलाशी.

परवा पगाराच्या दिवशी तो तिन्हीसांजेला परतला आणि अंगणातच हात पुढे केला. सारिका तुळशीपुढे निरांजन ठेवत होती. वळूनही न बघता म्हणाली,

"दिवो लागलो. आता लक्ष्मी भायर देवची नाय."