गोठ्यातली शाळा

आरमोरीकडच्या एका गावात आमची शाळा ज्याच्या गोठ्यात भरायची, तो माणूस माझ्याशी कमी आणि आपल्या बैलांशी जास्त बोलायचा. मधे बांबूची ताटी होती. अलीकडे मी आणि पोरं, पलीकडे त्याची बैलजोडी. पाढे चालू असले की तो बैलांनाही दबक्या आवाजात दटावायचा. गोठ्याच्या भाड्याचा विषय काढला, तर तंबाखू मळत म्हणायचा, "बैल कुठी भाडं देते, गुर्जी?"

पुढं सडकेला नवी इमारत झाली आणि शाळा तिकडे गेली. पोरं खूष, मीही खूष. थोड्याच दिवसांत हा नव्या शाळेच्या दारात उभा.

"गुर्जी, बैल तणसाले तोंड लावून नाई राह्यले."

"काऊन, भाऊ?"

"पोरायचा आवाज नाई ना. अन् धानाचा रोवणा तर तोंडावर आला."

संध्याकाळी गोठ्यावर गेलो. पाहतो तर हा कधी शाळेत न बसलेला माणूस ताटीच्या अलीकडे, पोरांच्या जागी मांडी घालून सातचा पाढा म्हणत होता. पोरं अडायची नेमका तिथंच अडला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"बेचाळीस," मी म्हणालो.

"सांगू नका जी. ओरडा. पोरायवर ओरडत होते ना, तसं."

मी ओरडलो, "गाढवा, पुन्हा पहिल्यापासून!"

ताटीपलीकडे बैलांनी गव्हाणीत तोंड घातलं. त्यानं पोरासारखी मान खाली घातली आणि सुरुवात केली, "सात एके सात..."