शकू आत्याचा बाजार आणि पेठेतलं बक्षीस

गेल्या रविवारी नातू मोबाईल घेऊन धावत आला. परदेशात म्हणे पटावरच्या खेळांना दरवर्षी अवॉर्ड देतात... आणि ते खेळणाऱ्याला नाही, खेळ तयार करणाऱ्याला! मी म्हटलं, अरे, आमच्या सोलापुरात, शुक्रवार पेठेत, हे सत्तरच्या दशकात होतं. त्याला खरं वाटेना. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं वाचनालय होतं. दर उन्हाळ्यात तिथं नव्या बैठ्या खेळांची स्पर्धा असायची. कुणी सापशिडीला नवं रूप द्यायचं, कुणी सोंगट्यांचे नियम बदलून आणायचं. परीक्षक स्वतः मांडी घालून खेळायचे, आणि जो खेळ त्यांना उठू देत नसे त्याला बक्षीस! कप नाही, ढाल नाही... भिंतीवरच्या लाकडी फळीवर विजेत्याचं नाव रंगवायचं. पण त्या फळीचा मान काय होता म्हणून सांगू!

त्या वर्षी माझी शकू आत्या आमच्याकडे होती. तिच्या नवऱ्यानं कुर्डुवाडीला दुसरा संसार थाटला आणि ती एका ट्रंकेनिशी माहेरी आली. आल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. बायका खोदून खोदून विचारायच्या... मग तिनं बोलणंच कमी केलं. दार वाजलं की ती आत जायची.

पण दुपारी आम्ही दोघी असलो की वेगळीच आत्या असायची. चादरींच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन तिनं त्यावर अख्खा आठवडी बाजार काढला होता. डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि चिठ्ठीत जो निघेल तो आपण व्हायचं... बांगडीवाली, तेली, विणकर, वळसंगहून आलेला शेतकरी. कवड्या टाकून पुढं सरकायचं आणि समोर येईल त्याच्याशी मालाची अदलाबदल करायची. पैसा नाहीच. सगळं बोलण्यावर! बोलून पटवता आलं नाही, तर हात हलवत घरी.

मी वाचनालयात जाऊन खेळाचं नाव देऊन आले. नियम असा होता की ज्यानं खेळ केला त्यानंच येऊन तो शिकवायचा. हे ऐकून आप्पा, म्हणजे माझे वडील, भडकले. "तिला कशाला चारचौघांत ओढतेस? लोकांना तेवढंच पाहिजे असतं."

आतून आवाज आला, "जाते की मी, दादा."

आप्पांनी मग अडवलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ती जावी असंच वाटत होतं. फक्त भीती होती.

स्पर्धेच्या दिवशी सतरंजीवर पुठ्ठा पसरला आणि आत्याचा आवाजच फुटेना. ती नुसत्याच हातातल्या कवड्या पुन्हा पुन्हा मोजत राहिली. मागं कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात शेजारच्या पद्मक्का पुढं येऊन बसल्या. घरी हातमाग, बोलणं तेलुगू, आणि मराठी त्यांच्या खास ठसक्याचं. "मला शिकव की गं, शकू. मला काय येत न्हाई." आत्या त्यांच्याकडं बघून सांगायला लागली. आधी हळू, मग जरा मोठ्यानं.

परीक्षक होते तात्या, निवृत्त हेडमास्तर. त्यांना हसताना पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीत निघाला शेतकरी आणि आत्याच्या चिठ्ठीत बांगडीवाली.

आत्यानं पदर खोचला. "काय पावनं, कारभारणीला बांगड्या न्हाईत व्हय न्यायच्या?"

तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "न्यायच्या हायती की! पर माज्याकडं निस्ता कडबा हाय."

"मग कारभारणीच्या हातात कडबाच घाला की!"

अख्खं वाचनालय हसलं. तात्या डोळे पुसत हसले. आणि आत्याही हसली... तो आवाज मी विसरूनच गेले होते. नंतर तात्या सगळ्या भूमिका करून बघितल्याशिवाय उठलेच नाहीत. बक्षीस कुणाला, हे वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

पेंटर ब्रश घेऊन फळीपाशी उभा राहिला. तात्यांनी विचारलं, "पूर्ण नाव सांग, पोरी."

सासरचं सांगेल की माहेरचं? सगळ्यांचे कान टवकारलेले. आप्पा तर जमिनीकडेच बघत होते.

"शकुंतला," आत्या म्हणाली.

"पुढं?"

"पुढं काही नको. नुसतं शकुंतला लिहा."

तात्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग पेंटरला म्हणाले, "लिही. आणि जरा मोठं लिही... जागा आहे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत्यानं केस विंचरले, चपला घातल्या आणि एकटी निघाली. आईनं चकित होऊन विचारलं, "अहो वन्सं, कुठं निघालात उन्हाचं?"

"रंग वाळला का, बघून येते."

खेळ करणाऱ्यालाही मान द्यावा, हे आमच्या पेठेत पहिल्यांदा कुणाला सुचलं, मला आजही माहीत नाही. ज्या कुणाला सुचलं असेल, त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार... त्याच्यामुळं आमची आत्या आम्हाला परत मिळाली.