सहाव्या सिलिंडरमधलं पाणी

त्या गॅरेजात सगळे त्याला बोळा मिस्त्री म्हणायचे, आणि ते नाव त्याने स्वतःच्या हाताने कमावलं होतं. इंजिनाचा पाइप काढला, नळी सोडवली, की उघड्या तोंडात तो आधी चिंधीचा बोळा कोंबायचा, मगच दुसऱ्या कामाला हात लावायचा. तीस वर्षं हेच. कुणी एखादं भोक तसंच उघडं सोडलेलं दिसलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. "घराचं दार सताड उघडं टाकून झोपतोस का रे?" लोक मागे हसायचे, पण बोळे मात्र न विसरता कोंबायचे.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा ट्रक चालवायचा. पुढे लांब नाक असलेली जुनी गाडी, बॉनेटच्या कडेने सायलेन्सर उभा वर गेलेला. आठ महिन्यांपूर्वी एका लांब चढावर गाडी इतकी तापली की काटा लालमध्ये गेला. थांबायला हवं होतं. पण माल वेळेत पोचवायची घाई, म्हणून हा गडी तसाच रेटत राहिला. माल पोचला, गाडी परत आली, अंगणात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं.

आता हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती. पण बहिणीने चावी फिरवून पाहिली तर स्टार्टर नुसता टक् करून गप्प. इंजिन जाम.

"मीच मारली तिला," नवरा म्हणाला. "त्या चढावर. आता मी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. भंगारवाल्याला बोलाव."

बहीण तडक भावाकडे आली. "तू गाडी चालू करून दे," ती म्हणाली. "नाहीतर हा माणूस खिडकीतच म्हातारा होईल. सकाळपासून तिथे बसतो आणि त्या गाडीकडे बघतो. माझ्याशी धड बोलत नाही."

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहिलं. स्टार्टरच अडकलाय की काय म्हणून तो खोलून बाजूला ठेवला, पट्टेही सोडवले. मग इंजिन फिरवणाऱ्या क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून अंगाचा भार टाकला. ढिम्म. म्हणजे दुखणं खरंच आतलं होतं.

भावोजी काठी शेजारी टेकवून अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "बेअरिंगं जळली असणार," ते म्हणाले. "वेल्डिंग केल्यासारखी चिकटली असतील. मला माहितीये, मी वास घेतलाय."

मिस्त्रीने खालच्या तेलाच्या चेंबरचा नट सोडला. आधी पेलाभर पाणी आलं, मग तेल. तेल त्याने काळ्या फडक्यावर चोळलं आणि उन्हात धरलं. बेअरिंग जळलं असतं तर धातूचा चुरा चमकला असता. एक कण चमकला नाही. मग त्याने सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं एकेक नोझल काढलं. पाच सिलिंडर कोरडे, काजळीने काळे. सहाव्यात तारेला कापूस बांधून सोडला, तो तांबड्या चिखलाने माखून वर आला. गंज! पिस्टन आणि रिंगा भिंतीला धरून बसल्या होत्या.

पण पाणी आलं कुठून? रेडिएटर काठोकाठ भरलेला, म्हणजे तिथून गळलं नव्हतं. त्याने बॉनेटच्या कडेला पाहिलं. सायलेन्सर जागेवर नव्हता. तो कुठे आहे हे त्याला नीट माहीत होतं. गाडी परत आली तेव्हा फुटलेला होता म्हणून त्यानेच काढून जोडायला नेला होता. मग दवाखान्याची धावपळ सुरू झाली आणि तो गॅरेजात तसाच पडून राहिला. इथे पाइपचं तोंड आभाळाकडे आ वासून होतं. सगळा पावसाळा आत गेला होता. बोळा नव्हता.

त्याला लाज वाटली. तीस वर्षं ज्या चुकीसाठी तो दुसऱ्यांना फाडून खात होता, ती त्याच्या हातून झाली होती, आणि तीही बहिणीच्या दारात. "पाहिलंस? मीच मारली," भावोजी खुर्चीतून म्हणाले.

त्याने डिझेल आणि पातळ तेल मिसळून सहाव्यात ओतलं आणि घरी गेला. रोज सकाळी यायचा, तेल वाढवायचा, पान्याला हलका झटका द्यायचा, आधी उलटा, मग सुलटा. जोर अजिबात नाही. जोर केला तर पिस्टनचा दांडा वाकतो. रोज भावोजी तेच म्हणायचे, आणि रोज हा मान खाली घालून ऐकायचा. पाचव्या दिवशी पाना केसभर सरकला. सातव्या दिवशी क्रँकने पूर्ण फेरा घेतला आणि नोझलच्या भोकातून तांबडं पाणी पिचकारीसारखं उडून मिस्त्रीच्या सदऱ्यावर आलं.

मग त्याने सगळं पुसून काढलं, तेल बदललं, नोझलं, स्टार्टर, पट्टे परत बसवले, सायलेन्सर आणून जोडला. चावी फिरवली. पांढरा धूर, खोकला, पुन्हा धूर, आणि इंजिन चालू झालं. बहीण धावत बाहेर आली. "अहो, बसा ना!" ती नवऱ्याला म्हणाली.

"नको. पुन्हा मारीन."

मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"भावोजी, चढावर काही झालं नव्हतं. इंजिन धडधाकट होतं. सायलेन्सर मी काढला आणि पाइपला बोळा लावला नाही. पाणी गेलं ते माझ्यामुळे."

इंजिन चालू होतं. भावोजी खुर्चीतून पुढे वाकले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि सात दिवस मी बडबडत होतो, ते तू ऐकून घेतलंस?"

भावोजी उठले. काठी त्यांनी बायकोच्या हातात दिली, दाराची दांडी धरली आणि दोनदा घसरत का होईना, केबिनमध्ये चढले. दार धाडकन ओढून घेतलं आणि काच खाली केली.

"बाजूला हो," ते म्हणाले. "आधी हिला फिरवून आणतो. मग तुझ्याकडे बघतो."