तीन मिनिटांचा ट्रंक कॉल

१९७८ साली आमच्या लाकडाच्या वखारीसाठी घरी फोन बसला आणि नाशिक रोडची आमची अख्खी गल्ली माझा नंबर पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांकडचा निरोपाचा फोन, म्हणून देऊ लागली. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा जावई रुसला, सगळं आधी मला कळायचं. मी चिडायचे, पण हाक मारायलाही मीच धावायचे.

समोरच्या खोलीतला मल्हारी मूळचा हरसूलकडचा, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये वेटर. भरलेला ट्रे घेऊन जिना चढेल, थेंब सांडणार नाही. पण कोणी नाव विचारलं की अडकलाच. नावातल्या 'म'वर जीभ अशी अडायची की समोरचा कंटाळून निघून जाई. महिनाअखेर लॉज बंद होणार होतं, बायको लंकाबाईला सातवा महिना. आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं पत्र आलं: मॅनेजर गुरुवारी अकरा वाजता फोनवरच मुलाखत घेतील.

"काकू, समोर मानूस असला तर हसून तरी निभतं," तो म्हणाला. "फोनवर गप ऱ्हायलो तर त्याला वाटंल लाइन गेली. ठिवून देईल तो."

खरं सांगते, मलाही तीच भीती वाटत होती. त्यात बाहेरगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा, वाढवला तर जादा पैसे. बुधवारी मी मॅनेजर झाले आणि घड्याळ लावून त्याची तालीम घेतली. नुसत्या नावालाच दीड मिनिट गेलं. मी वैतागले, "अरे, नाव राहू दे, कामाचं बोल!"

"नाव नाय सांगितलं तर कामावर घेतील कुनाला?" तो म्हणाला. माझीच मला लाज वाटली.

गुरुवारी साडेनऊलाच स्वारी इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून हजर. फोनमधून कोण बघणार होतं? पण मी तोंड आवरलं. लंकाबाई दारात उभी. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. घंटी वाजली तेव्हा माझ्याच हातातली वाटी पडली.

मल्हारीने रिसिव्हर उचलला आणि डोळे मिटून एका दमात सगळं सांगून टाकलं. नाव, गाव, सहा वर्षांचा अनुभव. एकदाही अडखळला नाही! मी देवाला हात जोडले.

पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो भाऊ, मी एक्स्चेंजमधून बोलतेय. थांबा, पार्टी जोडते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मात एकदा जमलं, ते ऑपरेटरबाईंवर खर्च झालं.

"हॅलो, नाव काय तुमचं?" आता पुरुषाचा आवाज.

"म... म..."

"हॅलो? हॅलो?"

मी लंकाबाईचा हात धरला.  आता ठेवणार फोन, असं वाटलं.

मल्हारीने डोळे उघडले. "साहेब, लाइन चालू हे. माझी जीभ अडती. जरा थांबा." मग म्हणाला, "म... मल्हारी."

पुढचं अडखळतच चाललं. घड्याळाचा काटा काही थांबेना. साहेबांनी विचारलं, "गिऱ्हाईक चिडलं तर काय करता?"

"मला लवकर बोलता येत नाय, साहेब. म्हनून आधी त्याचं पुरतं ऐकून घेतो. मग..."

"तीन मिनिटं झाली," मध्येच ऑपरेटरबाई. "कॉल वाढवायचाय?"

मी आणि लंकाबाई रिसिव्हरजवळ कान नेऊन उभ्या. 

"वाढवा," साहेब म्हणाले. "त्यांचं बोलणं राहिलंय अजून."