नेब्रास्काचा पेटीफोर्ड

मिस व्हर्लीन क्रचरने तोंड उघडलं आणि डेट्रॉईट नदीवरचे सीगल पक्षी घाईघाईने कॅनडात आश्रयाला गेले, असं अलॉन्झो पेटीफोर्डला अजून वाटतं. जन्मभर शाळेची बस चालवलेल्या बाईचा आवाज; पलीकडच्या काठावर, कॅनडातल्या विंडसरमध्येही पोरं सरळ बसली असतील. पर्यटकांना नदीकाठाने पायी फिरवणाऱ्या या बाईच्या हातात मिटलेली छत्री होती आणि छत्रीचं टोक पेटीफोर्डच्या छातीवर.

"तुम्ही कुठले, दादा?"

पेटीफोर्ड अस्सल डेट्रॉईटचा. जन्म इथला, कारखान्यात गाड्यांना दारं बसवली ती इथे, बायकोला पुरलं तेही इथेच. तो नुसता हवा खायला आला होता. पण त्या आठवड्यात त्याला फक्त किराणा दुकानातल्या यंत्राने प्रश्न विचारला होता, पिशवी हवी का म्हणून. खरं बोललो तर छत्री शेजाऱ्याकडे वळणार, हे त्याने ओळखलं.

"नेब्रास्का," तो म्हणाला; दूरचं, गाईगुरांचं कोरडं राज्य, तेच तोंडात आलं.

"अगंबाई. या, नेब्रास्का, पुढे या. एवढं पाणी एका जागी पाहिलंय का कधी?"

लोक हसले. तोही हसला. पुढे सगळा उन्हाळा त्याची सुट्टी काही संपेना. दर शनिवारी तो हजर. मालवाहू जहाज दिसलं की पहिल्यांदाच पाहिल्यासारखा आ वासायचा.

"काय हो नेब्रास्का, तुमच्या गाईंचं दूध कोण काढतंय सध्या?"

"भाऊ."

"जिवंत आहे ना बिचारा?"

एवढ्या बोलण्यावर त्याचा आठवडा निघायचा.

सप्टेंबरात खरोखरच नेब्रास्काचं एक जोडपं आलं. बाईने हरखून विचारलं, "आमच्याकडचे? नेमके कुठले हो तुम्ही?"

पेटीफोर्डचा उजवा हात आपोआप वर गेला. त्याने तळहात उघडला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं.

आता डेट्रॉईट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनचा आकार पंजासारखा, म्हणून इथलं शेंबडं पोरही आपलं गाव तळहातावर दाखवतं. नेब्रास्काचा नकाशा दाखवायचा तर चौकोनी पोळपाट मूठ बसवून आणावा लागेल.

जोडपं त्याच्या हाताकडे बघत राहिलं.

"हात खाली घ्या, दादा," व्हर्लीन म्हणाली. तिचा आवाज इतका खाली येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "डेट्रॉईटची ईस्ट साइड का?"

"ईस्ट साइड."

"मला वाटलंच. नेब्रास्काचा माणूस माझे विनोद चार महिने ऐकेल होय? पुढच्या शनिवारी आपला माणूस म्हणून या. मला सोबत होईल."

तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. "हे मिस्टर पेटीफोर्ड, इथलेच," तिने ओळख करून दिली. लोकांनी माना डोलावल्या आणि आयोवाच्या एका गृहस्थाला प्रवास कसा झाला ते विचारलं. पिकतं तिथं विकत नाही. व्हर्लीनलाही सवड नव्हती. छत्री नव्या छात्या शोधत होती. पेटीफोर्ड शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागून चालला.

ऑक्टोबरात फेऱ्या थांबल्या. निघताना दोघांनी एकमेकांना फोन नंबर दिले होते. दोघांनीही फोन केला नाही. पेटीफोर्ड हल्ली थंडी टाळायला सकाळी मॉलमध्ये चालतो.